पिट्सबर्गचे बिऱ्हाड

मध्यंतरी सहा अंकांत आमचे हे सदर आले नाही. काही वाचकांनी संपादकांकडे विचारणा केली, आणि ग्वाल्हेरच्या एका वयोवृद्ध स्नेह्यांनी तर आमच्या प्रकृतीची काळजी वाहणारे पत्र धाडले. वाचकहो, प्रकृती उत्तम आहे. आम्ही उभयता ऑक्टोबरच्या आरंभापासून मार्चअखेरपर्यंत अमेरिकेत कन्येच्या बिऱ्हाडी होतो. तेथून मजकूर पाठविता आला नसता असे नाही. पण पाहुणा म्हणून चार दिवस राहिलेल्या माणसाने त्या गावाविषयी लिहू नये, असे आमचे एक जुने मत आहे. सहा महिने राहिलेल्याने लिहावे की नाही, याविषयी मत अजून बनलेले नाही, म्हणून लिहितो.

अमेरिकेहून परतलेल्या माणसाकडून नायगारा आणि न्यूयॉर्क यांची वर्णने अपेक्षिली जातात. नायगारा आम्ही पाहिला नाही. न्यूयॉर्क पाहिले ते विमान बदलताना, काचेतून. आमची कन्या तीन वर्षांपूर्वी पुण्याहून ज्या गावी गेली त्याचे नाव पिट्सबर्ग. पेनसिल्व्हेनिया राज्याच्या पश्चिम टोकाचे हे शहर न्यूयॉर्कपासून मोटारीने सुमारे सहा तासांवर आहे. तेथील एका रुग्णालयाच्या संगणक विभागात तिला नोकरी मिळाली. जावईबापू आणि आमची नात सहा महिन्यांनी मागाहून गेली. नावाने सर्वांना ठाऊक असलेल्या शहरांत आपली माणसे पुष्कळ, आणि भाडीही तशीच. मधल्या आकाराच्या गावी भाडे झेपते, शाळा घराजवळ असते, कामावर पोहोचण्यात अर्धा दिवस जात नाही. पण स्टेशनवर घ्यायला येणारे कोणी नसते. हा व्यवहार करूनच मंडळी तेथे गेली होती.

गाव मात्र पाहण्याजोगे. अ‍ॅलेघेनी आणि मोनाँगाहीला या दोन नद्या ऐन शहरात एकमेकींना मिळतात आणि त्यांची ओहायो होते. ती पुढे मिसिसिपीला जाऊन मिळते. आपल्याकडे अशा ठिकाणी घाट असता, महादेवाचे देऊळ असते आणि अस्थिविसर्जनाला आलेल्यांच्या मागे भटजी लागले असते. तेथे संगमाच्या टोकाशी एक उंच कारंजे आहे, आणि हिवाळ्यात तेही बंद. नद्या, टेकड्या आणि दऱ्या यांच्यामुळे गावात साडेचारशेच्या घरात पूल आहेत. एका टेकडीवर चढविणाऱ्या, दोराने ओढल्या जाणाऱ्या दोन गाड्या अनुक्रमे १८७० आणि १८७७ सालांपासून चालू आहेत. आम्ही त्यांतून वर गेलो. सौ. डोळे मिटून बसल्या होत्या, त्यामुळे वर्णन आमचे एकट्याचे समजावे.

या गावाची कहाणी मात्र आम्हां इंदूरकरांना परकी वाटू नये. अँड्र्यू कार्नेगी याने १८७५ साली शेजारच्या ब्रॅडक येथे पोलादाचा मोठा कारखाना सुरू केला आणि पुढील शंभर वर्षे नद्यांच्या काठाने भट्ट्या धडधडत राहिल्या. १९४० च्या दशकात धुरामुळे भर दुपारी रस्त्यांवरचे दिवे लावावे लागत. मग धंदा बसला. होमस्टेडचा अवाढव्य कारखाना १९८६ साली बंद झाला; आज तेथे दुकाने आणि चित्रपटगृह असून जुन्या धुराड्यांची एक रांग तेवढी उभी ठेवली आहे. १९५० साली शहराची वस्ती पावणेसात लाख होती, ती २०२० च्या शिरगणतीत तीन लाखांवर आली. आमच्याकडे हुकुमचंद मिल १९९१ साली बंद पडली. तिच्या कामगारांचे हक्काचे पैसे २०२३ च्या डिसेंबरात वाटायला निघाले, तोवर कित्येक जण हयात नव्हते. तरी इंदूर वाढतच गेले, म्हणून आम्हांला ते दुखणे विसरता आले. पिट्सबर्गला ते विसरता आले नाही; त्याने धंदा बदलला. गावातील सर्वांत उंच, चौसष्ट मजली इमारत पोलाद कंपनीने १९७० साली बांधली. तिच्या माथ्यावर आज एका रुग्णालय-संस्थेची अक्षरे झळकतात. विद्यापीठे, दवाखाने आणि संगणक यांवर गाव पुन्हा उभे आहे, आणि त्याच ओढीने आमची कन्या तेथे पोहोचली.

आता बिऱ्हाड मांडण्याविषयी. आपल्याकडे नव्या गावी बिऱ्हाड करायचे म्हणजे घरमालक, दूधवाला, वाणी आणि मोलकरीण या चौघांशी सूत जमवायचे. तेथे प्रथम गाठ पडते ती ‘पत’ या वस्तूशी. कर्ज कधी काढले नाही, ही आमच्या पिढीच्या अभिमानाची गोष्ट. तेथे तो दोष ठरतो. ज्याने कर्ज घेऊन फेडलेले नाही त्याची पत कोणाला कशी कळावी, असा त्यांचा सरळ प्रश्न. म्हणून कन्येने प्रथम स्वतःचेच पैसे बँकेत अनामत ठेवले, त्या पैशांच्या जोरावर बँकेने तिला एक कार्ड दिले, त्या कार्डावर ती दूध-पाव घेई आणि महिनाअखेर ते ‘कर्ज’ फेडी. असे वर्षभर केल्यावर ती पतवान झाली. हे ऐकून आम्ही हसलो, पण घरमालकापासून फोनच्या कंपनीपर्यंत सगळे जण हाच आकडा पाहतात, हे समजल्यावर हसू आवरले.

दुसरी वस्तू म्हणजे मोटार. बस आहेत, बऱ्या आहेत; परंतु किराण्याचे दुकान तीन मैलांवर आणि रस्ता टेकडीचा, तेथे बर्फात पिशव्या घेऊन थांबायचे म्हणजे कठीणच. जावईबापूंना परवाना काढायचा होता. त्यासाठी सोशल सिक्युरिटीचा क्रमांक मागतात. तो क्रमांक नोकरी करण्यास मुभा असलेल्यालाच मिळतो, आणि पत्नीच्या व्हिसावर आलेल्या पतीस नोकरीची मुभा नाही. तेव्हा त्यांनी आधी सोशल सिक्युरिटीच्या कचेरीत जाऊन ‘या गृहस्थांना क्रमांक देता येत नाही’ असे पत्र मिळविले आणि ते परवान्याच्या कचेरीत सादर केले. आपल्याजवळ काय नाही याचा दाखला काढावा लागण्याचा हा प्रकार आम्हांला अपूर्व वाटला. पुढे अठरा प्रश्नांची परीक्षा, त्यात पंधरा बरोबर हवेत. ती पहिल्या फटक्यात. मग प्रत्यक्ष गाडीची परीक्षा. पुण्याच्या रस्त्यांवर बारा वर्षे मोटार हाकलेला माणूस कडेला दोन खांबांमध्ये गाडी उलटी घेऊन लावताना नापास झाला. दुसऱ्या खेपेस पास. या गावात डावीकडे वळणाऱ्या पहिल्या गाडीस, दिवा हिरवा होताच, समोरचे लोक सौजन्याने आधी जाऊ देतात. कायद्यात असे काही नाही, गावची रीत आहे. ती परीक्षकासमोर पाळायची नसते, हेही त्यांना नंतर कळले.

जावईबापूंविषयी थोडे अधिक लिहिले पाहिजे. लिहू का, असे आम्ही त्यांना विचारले, ते म्हणाले, “लिहा बाबा, नाव तेवढे घालू नका.” पुण्यात त्यांच्या हाताखाली दहा माणसे काम करीत. पिट्सबर्गात ते सकाळी नातीचा डबा करतात, तिला पिवळ्या बसपर्यंत पोहोचवितात, कपडे यंत्रात घालतात, कणीक मळतात. आमच्या घरात जावई आला की पाट-रांगोळी होते. येथे जावई आम्हांला पोळी वाढीत होता आणि आम्ही सासरे ‘पुरे, पुरे’ म्हणत होतो. पहिले आठ दिवस सौ.ना ते पाहवेना. त्या ओट्याकडे धावत, जावईबापू त्यांना सन्मानाने परत बसवीत. पुढे दोघांनी वाटणी करून घेतली: भाजी सासूबाईंची, पोळी जावयाची. पोळी त्यांची चांगली होते, हे सौ.नी इंदूरला परत आल्यावर मान्य केले.

पण घरात कोणी मोठ्याने न बोललेली एक गोष्ट होती. संध्याकाळी कन्या कामावरून आली की दिवसभराचे सांगू लागे. जावईबापू नीट ऐकत, योग्य ते विचारीत, आणि मग तिने “तुमचा दिवस कसा गेला?” असे विचारले की ते उठून पाणी आणायला जात. डिसेंबरात तेथे पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. त्या वेळी इंदुरात पहाटेचे साडेतीन झालेले असतात. मन मोकळे करायला फोन करावा तरी कोणाला? अशा जोडीदारांना कामाचा परवाना देण्याची सोय २०१५ साली झाली खरी. परंतु ज्याच्या व्हिसावर आलो त्याच्या कायम वास्तव्याच्या अर्जाची एक ठराविक पायरी मंजूर झाल्याशिवाय ती लागू होत नाही. ती पायरी अजून यायची होती. ती मंजूर झाली तरी कायम वास्तव्याचा कागद लगेच हाती पडत नाही. कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना एकूण संख्येच्या सात टक्क्यांहून अधिक जागा द्यायच्या नाहीत, असा नियम आहे, आणि भारतात जन्मलेल्यांची रांग एवढी लांब की तिचा हिशेब वर्षांत नव्हे, दशकांत करतात.

शेजारणीचा परिचय येथेच करून देतो. कन्येचे बिऱ्हाड एका जोडघराच्या अर्ध्या भागात. उरलेल्या अर्ध्यात घरमालकीण राहतात. वय ऐंशीच्या पुढे. त्यांचे यजमान होमस्टेडच्या कारखान्यात होते. कारखाना बंद झाल्यावर दोन्ही मुलगे कामासाठी टेक्सासकडे गेले ते तिकडचेच झाले. बाई एकट्या राहतात, स्वतः गाडी चालवितात आणि सर्वांना ‘यिन्झ’ म्हणतात. हा शब्द प्रथम आमच्या कानांना कळेना. कन्येने उलगडा केला: इंग्रजीत एकाला आणि अनेकांना एकच ‘यू’, पिट्सबर्गच्या लोकांना ते पुरेना, म्हणून ‘यिन्झ’ म्हणजे ‘तुम्ही मंडळी’. अठराव्या शतकात या भागात वसलेल्या स्कॉट-आयरिश लोकांनी तो आपल्याबरोबर आणला. बाहेरचे अमेरिकन त्याला हसतात आणि सुशिक्षित मुले तो टाकून देतात, असे समजले. पुण्याच्या नातेवाइकांनी ‘काय करून राहिला आहेस’ या आमच्या इंदुरी मराठीला हसण्याची ज्यांना सवय आहे, त्यांना या बाईंविषयी लगेच आपुलकी वाटेल. आम्हांला वाटली. नातीच्या तोंडी आता तिन्ही आहेत: वडिलांची पुणेरी, आजीची इंदुरी आणि शेजारच्या आजीची ‘यिन्झ’.

जानेवारीत एका रात्री गुडघाभर बर्फ पडले. घरासमोरची पायवाट ज्याची त्याने मोकळी करायची, असा तेथील नियम. जावईबापूंनी आपली केली, बाईंची केली आणि मग रस्त्याच्या कडेला गाडी लावायची जागा फावड्याने दोन तास खणून काढली. नंतर त्यांनी स्वयंपाकघरातली एक लाकडी खुर्ची आणून त्या मोकळ्या जागेत ठेवली आणि गाडी घेऊन ते दूध आणायला गेले. आम्ही खिडकीतून पाहत होतो. खुर्ची चांगली होती, म्हणून खाली जाऊन ती आत आणू लागलो. तोच बाईंनी दार उघडून आम्हांला मोठ्याने थांबविले. ज्याने बर्फ उपसले त्याची जागा, आणि खुर्ची हा त्याचा दस्तऐवज, अशी त्या गावची रीत आहे. कायद्याने पाहता रस्ता सरकारचा आणि खुर्ची ठेवण्याचा अधिकार कोणालाच नाही. पण ती सहसा कोणी हलवीत नाही. दिवसभर रस्त्याच्या दुतर्फा स्टूल, इस्त्रीचे टेबल, मोडका पाळणा असे सामान बर्फात मांडलेले होते. एकट्या आमच्याच हातून तो नियम मोडला जायचा होता.

फेब्रुवारीत बाईंनी एक बशी भरून पिरोगी पाठविली. पोलंडकडून आलेल्या लोकांचा हा पदार्थ. ईस्टरपूर्वीच्या उपासाच्या दिवसांत तेथील चर्चमध्येही करून विकतात. उकडलेली करंजी, आत बटाटा आणि चीज. सौ.नी तिच्यावर इंदुराहून नेलेले जिरावण भुरभुरविले आणि बशी परत करताना त्याची पुडीही दिली. दुसऱ्या दिवशी बाई स्वतः आल्या. आम्हांला वाटले, जिरावण झोंबले. पण त्या घराविषयी बोलायला आल्या होत्या. थोरल्या मुलाने त्यांना टेक्सासला येऊन राहण्याचा आग्रह चालविला होता आणि अखेर त्यांनी होकार दिला होता. जोडघर विकायचे होते. “यिन्झ घेणार असाल तर दलालाला सांगत नाही,” असे त्यांनी जावईबापूंना सांगितले.

त्या रात्री आणि पुढील कित्येक रात्री घरात तोच विषय. जावईबापूंचे मत घ्यावे असे. पिट्सबर्गातील घरांच्या किमती अमेरिकेच्या मोठ्या शहरांच्या मानाने अजून आवाक्यात. तीस वर्षांच्या कर्जाचा हप्ता भाड्याहून फारसा वेगळा पडत नाही. नातीची शाळा तीच राहते. कन्येचे मत घेऊ नये असे, आणि तिच्यापाशी एकच कारण होते. नोकरी सुटली तर साठ दिवस. त्या साठ दिवसांत आपल्यासाठी अर्ज करणारा दुसरा मालक शोधावा, नाहीतर सामान आवरावे. २०२५ च्या सप्टेंबरात नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क बसविण्यात आले. तिच्यासारख्या आधीच तेथे असलेल्यांना ते लागू नाही असे खुलासे झाले, पण खुलासे होईपर्यंत दोन रात्री तिला झोप नव्हती. “साठ दिवसांत घर विकले जात नाही, बाबा,” ती म्हणाली. मग दोघांनीही आमच्याकडे पाहिले.

आम्ही ‘घेऊ नका’ असे सांगितले. वडीलधाऱ्या माणसाने विचारल्यावर सावध सल्ला द्यावा, हा आमचा शिरस्ता.

सल्ला देऊन झोपायला गेलो आणि झोप येईना. आमचे पणजोबा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वाई भागातून इंदुरास आले, होळकरांच्या दप्तरात कारकून म्हणून. त्यांनी जुन्या इंदुरात एका वाड्यात दोन खोल्या भाड्याने घेतल्या, कारण परत जायचे होते. आजोबाही त्याच दोन खोल्यांत राहिले, कारण परत जायचे होते. वाईकडच्या घराच्या शाकारणीसाठी दरवर्षी मृगाच्या आधी मनिऑर्डर जाई. इंदुरात गळणाऱ्या कौलांखाली पातेली मांडून आमची आजी ती मनिऑर्डर पोस्टात नेऊन देई. अखेर एका पावसाळ्यात तिकडची भिंत पडली आणि प्रश्न मिटला. इंदुरात स्वतःची जागा घेतली ती वडिलांनी, रामबागेत, १९५८ साली. म्हणजे साठ-सत्तर वर्षे आमचे कुटुंब बिऱ्हाडात राहिले, आणि एवढ्या काळात त्यांना इंदुराहून घालविणारे कोणी नव्हते. दोन खोल्यांत वाढलेल्या आमच्या आत्यांना त्याची जी झळ लागली ती आम्ही जन्मभर ऐकली आहे. कन्येला मात्र घालविणारा कायदा खरोखर आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या. त्यांतून सल्ला कोणता निघतो, हे पहाटेपर्यंत ठरेना.

सकाळी आम्ही बाईंकडे गेलो. चहा झाला. त्यांच्या यजमानांनी हे घर १९६५ साली घेतले, तेव्हा कारखाना बंद होईल असे कोणी म्हटले असते तर लोक हसले असते. तो बंद झाला तेव्हा कर्ज फिटायला काही वर्षे उरली होती. घर विकावे म्हटले तर गल्लीत चार घरे आधीच रिकामी, घेणारा कोणी नाही. बाईंनी शाळेच्या स्वयंपाकघरात नोकरी धरली आणि हप्ते भरले. मग त्या आम्हांला तळघर दाखवायला घेऊन गेल्या. तळघराच्या एका कोपऱ्यात, भिंत नाही, पडदा नाही, असा एक उघडा शौचकूप आणि शेजारी हात धुण्याचे टाके. पिट्सबर्गच्या जुन्या घरांत अशी सोय सर्रास आढळते. भट्टीवरून आलेला माणूस तळघराच्या दाराने आत येई, येथे अंग धुई आणि मगच वर जाई, असे लोक सांगतात. आमच्या वाड्यातही बाहेरून आलेल्याने मागल्या दाराशी पाय धुतल्याखेरीज ओटीवर पाऊल टाकायचे नाही, असा आजीचा दंडक होता. बाईंना ते सांगण्याइतके आमचे इंग्रजी त्या क्षणी धावले नाही. “घर चांगले आहे,” एवढेच म्हणालो.

वर आल्यावर कन्येला सांगितले की कालचा सल्ला आम्ही परत घेतो. पण त्याच्या जागी दुसरा देत नाही. ती थोडी रागावली. जावईबापू म्हणाले, “बाबा, हेही चालेल.”

त्याच आठवड्यात एक गोष्ट आम्हांला समजली, ती येथे नोंदवितो, कारण आमच्या वाचकांपैकी पुष्कळांची मुले परदेशी आहेत. ‘तुम्ही दोघे आता इकडेच या’ असे कन्या अधूनमधून म्हणे आणि आम्ही ‘बघू’ म्हणत असू, जणू तो आमच्या इच्छेचा प्रश्न होता. आईवडिलांना कायमचे बोलावण्याचा अर्ज नागरिक झालेल्या मुलालाच करता येतो. कन्या ज्या रांगेत उभी आहे तिचा आणि आमच्या वयाचा हिशेब जमत नाही. म्हणजे जाणे-येणे ते पाहुणे म्हणूनच, आणि एका खेपेस बहुधा सहा महिने. ती तारीखही विमानतळावरचा अधिकारी ठरवितो. जाणाऱ्यांनी प्रवाशांसाठी असलेला आरोग्यविमा घेऊनच जावे, आणि जुने दुखणे त्यात बहुधा धरीत नाहीत हे नीट वाचून घ्यावे. औषधे पूर्ण मुदतीची, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्यावीत. दात येथेच दाखवून निघावे. चालण्याची सवय असेल तर बुटांवर पैसे खर्च करावेत, शालींवर नव्हे.

करमणूक अगदीच नव्हती असे नाही. पेन हिल्सच्या टेकडीवर दाक्षिणात्य मंडळींनी १९७६ साली उभारलेले व्यंकटेश्वराचे मंदिर आहे. अमेरिकेतील अशा अगदी पहिल्या मंदिरांत त्याची गणना होते. तेथील चिंचेचा भात आमच्या मते बालाजीइतकाच त्या गर्दीला कारण असावा. विद्यापीठाच्या बेचाळीस मजली इमारतीत निरनिराळ्या देशांहून आलेल्या समाजांनी सजविलेले एकतीस वर्ग आहेत. त्यांतील पहिले १९३८ सालचे. भारतीयांचा, नालंदेच्या धर्तीचा, २००० साली झाला. मराठी घरे चार-सहा भेटली. संक्रांतीला तिळगूळ झाला. एका तरुणीने आम्हांला आठवण करून दिली की आनंदीबाई जोशी १८८६ साली डॉक्टर झाल्या त्या याच राज्याच्या दुसऱ्या टोकाला, फिलाडेल्फियात. ती स्वतः डॉक्टर आहे. इकडे घेतलेल्या पदवीवर तेथे काम करता येत नाही म्हणून पुन्हा परीक्षा देते आहे, आणि दरम्यान तिचे मूल सांभाळायला तिची सासू व आई आलटून पालटून सहा-सहा महिने येतात. त्या दोघींची एकमेकींशी गाठ लग्नानंतर पडलेली नाही.

मार्चअखेरीस आम्ही परतलो. बाईंनी निरोप देताना सौ.ना जिरावणाची रिकामी पुडी दाखविली, ती पुन्हा भरून पाठवायची आहे. टेक्सासचा पत्ता लिहून दिला आहे.

गेल्या रविवारी सकाळी फोन आला. कन्येने घराच्या कागदांवर सह्या केल्या. कर्ज तिच्या एकटीच्या पगारावर. साठ दिवसांची भीती गेली का, असे आम्ही विचारले नाही. तिनेही सांगितले नाही. जावईबापूंचा अर्ज ज्या पायरीवर होता तेथेच आहे. मध्यंतरी त्यांनी तळघरातील नळ स्वतः बदलला आणि त्याची छायाचित्रे पाठविली. उघड्या शौचकूपाभोवती भिंत घालावी की तो तसाच ठेवावा, याविषयी त्यांना आमचे मत हवे आहे. या बाबतीत सल्ला देण्यास आम्ही समर्थ आहोत, आणि तो आजच कळविणार आहोत.

आमच्या व्हिसाची मुदत अजून नऊ वर्षे आहे. सौ. म्हणतात, पुढल्या खेपेस उन्हाळ्यात.